चौथ्या चाकाची खूण

अण्णा, मला तुमच्या गाडीची भीती वाटते. वहिनींना हे सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आता हसू शकत नाही. असतात तर म्हणाला असतात, "मर्दा, चार चाकाचं जनावर ते, चावतंय व्हय?"

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. यातले दोन आठवडे मी प्रत्येक सिग्नलला ब्रेक दोनदा दाबत होतो. माझ्या जपानी गाडीचा, जिला तुम्ही "वॉशिंग मशीन" म्हणायचात. एकदा दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. मागचा माणूस हॉर्न मारायचा. आमच्या पार्सिपनी गावात कोणी हॉर्न मारत नाही, पण माझ्यामागे मारायचे.

कारण सांगतो. सुरुवातीपासूनच सांगावं लागेल. तुम्हाला माहीत असलेलं परत सांगतोय, ऐकून घ्या.

दरवर्षी डिसेंबरात बर्फ वितळवायला रस्त्यावर लोखंड खाणारं मीठ पडायला लागलं की तुम्ही तुमची इटालियन गॅरेजात घालून तिच्यावर चादर टाकायचात. वहिनी म्हणायच्या, "मला ताप आला तेव्हा इतकी नीट चादर घातली नाही यांनी." एप्रिलच्या पावसानं मीठ वाहून गेलं की चादर काढायची, आणि पहिलं काम ब्रेकचं तेल बदलायचं. तुमची कंबर गेलेली, म्हणून खाली मी झोपायचो. तुम्ही सीटवर, पाय ब्रेकवर. मी खालून ओरडायचो, "दाबा." तुम्ही वरून, "दाबलं." मी नट सैल करायचो, नळीतून तेल आणि हवेचे बुडबुडे निघायचे. "धरा." "धरलंय." नट बंद करायचो. "सोडा." "सोडलं." असं एका चाकाला पंधरा-वीस वेळा, आणि चार चाकं. माझ्या बायकोनं एकदा दाराबाहेरून ऐकलं आणि म्हणाली, तुम्ही दोघं कोणाचं बाळंतपण करता आहात का?

या गाडीला चारही चाकांना मिळून तेलाची एकच नळी. सदुसष्ट सालची मिलानची गाडी, तेव्हा तशीच असायची. एक नट ढिला राहिला तर तेल थेंब थेंब गळतं, आणि एक दिवस पाय जमिनीला टेकतो. चारही ब्रेक एकदम जातात. हे मला तुम्हीच शिकवलंत. पहिल्याच दिवशी, चहा प्यायच्या आधी.

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी कुठेही सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो. बाप रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी. पण कॉलेजात वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला आमचे सर सगळ्यांनी घासून आणलेले जॉब नुसते बघायचे आणि माझा मात्र परत मोजायचे. दरवेळी. माप बरोबर निघालं की त्यांना वाईट वाटल्यासारखं तोंड व्हायचं. इथे येऊन कोबॉलचे प्रोग्रॅम लिहायला लागलो, तरी कोणी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं की मला नागपूरचं ते वर्कशॉप दिसतं.

आणि तुम्ही, अण्णा, दुसऱ्याच वर्षी, मी आवळलेला नट माझ्यादेखत पाना घेऊन परत आवळलात. कंबर धरून, कण्हत, खाली वाकून.

"काहून तपासता?" मी विचारलं.

"बघतो की जरा."

"माझ्यावर भरोसा नाही का?"

"भरवशाचं काय त्यात? नट हाय. नटाला कळतंय व्हय कोणी आवळला ते?"

मी हात पुसले आणि निघून गेलो. तीन आठवडे आलो नाही. चौथ्या रविवारी तुम्ही आमच्या अपार्टमेंटला आलात. एडिसनच्या देशी दुकानातून आणलेली भाकरवडी हातात, आणि बसायच्या आधीच म्हणालात, "माझा बाप कोल्हापुरात लेथवर माझं काम तपासायचा, तवा मला बरं वाटायचं. म्हटलं तुलाबी बरं वाटंल. चुकलं." मग बराच वेळ तुम्ही भाकरवडीच खाल्लीत. जाताना म्हणालात, "तुझ्या नटाला मी हात लावणार न्हाई. पण तू खूण करायची. झालं म्हणून खूण."

मग वहिनींची लाल नेलपॉलिश गॅरेजात आली. नट आवळून झाला की त्याच्यावर आणि बाजूच्या लोखंडावर मिळून एक खूण. नट फिरला की खूण मोडते, लगेच कळतं. तुमचा ठिपका, माझी रेघ. ज्याची खूण त्याचं काम, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हा नियम माझ्यासाठी होता, तुमच्यासाठी नव्हे. मला तो फार आवडायचा. मी त्याला आपला करार म्हणायचो.

आता त्या रविवारकडे येतो.

एडिसनला शाळेच्या हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम होता आणि त्यात मी बोलणार होतो. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर. म्हणून सूट घालूनच तुमच्याकडे आलो आणि वरून तुमचा बॉयलर सूट चढवला. तुम्ही म्हणालात, "राहू दे आज, पुढच्या रविवारी करू." मी म्हटलं, अण्णा, तासाभराचं काम आहे. मला दाखवायचं होतं की मी दोन्ही करू शकतो.

मागचं उजवं झालं. मागचं डावं झालं. पुढचं उजवं झालं. पुढच्या डाव्याला होतो, तुमच्याच पायाखालच्या चाकाला, तेव्हा वरून वहिनींनी हाक मारली, "मिलिंदभाऊजी, तुमच्या घरून फोन! सगळे थांबलेत म्हणे, हार तुमच्या गाडीत आहेत!" मी सरपटत बाहेर आलो. बॉयलर सूट फेकला, हात धुतले. तुम्ही म्हणालात, "जा मर्दा, भाषण चांगलं कर. गाडी जॅकवरून खाली मी घेतो." मी गेलो. भाषण चांगलं झालं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचीसुद्धा मला आता भीती वाटते.

बुधवारी संध्याकाळी तुम्ही गेलात.

पोलीस म्हणाला, गाडी रूट टेनच्या कडेला व्यवस्थित उभी होती, एक ओरखडा नाही. इंजिन बंद. हातब्रेक ओढलेला. तुमचे दोन्ही हात मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय. वहिनी रडत म्हणाल्या, "गाडी बाजूला घेऊन मग गेले. कोणाला त्रास नको म्हणून." सगळे म्हणाले, किती पुण्यवान मरण.

मीही म्हणालो.

शनिवारी फ्युनरल होममध्ये मी तोच सूट घातला. माझ्याकडे एकच आहे. रांगेत उभा होतो, तुमच्यासमोर यायला चार माणसं होती, आणि सवयीनं खिशात हात घातला. काचेची छोटी बाटली लागली. वहिनींची नेलपॉलिश.

अण्णा, मी तिथे सूट सावरत उभा राहिलो. बाटली माझ्या खिशात का आली? खूण करायला हातात घेतली होती म्हणून. मग खूण केली होती का? हाक आली तेव्हा नट हातानं बसवलेला होता, तेवढं आठवतं. पाना लावला होता का? लावला असणार. प्रत्येकाला लावतो. पण आठवेना. तीन रेघा डोळ्यांसमोर येतात, चौथी येत नाही. माझ्यापुढची माणसं सरकली आणि तुमचा चेहरा आला. तुम्हाला पावडर लावली होती. मी फूल ठेवलं आणि मनात म्हटलं, अण्णा, हातब्रेक का ओढलात?

पायाखालचा ब्रेक गेल्यावर माणूस हातब्रेक ओढतो. गाडी थांबते. धसक्यानं उठलेली छातीतली धडधड थांबत नाही.

त्यानंतर पंधरा दिवस मी हेच चघळत होतो. टो ट्रकवाल्यानं गाडी आणून तुमच्या गॅरेजात ठेवली होती. जायचं, वाकायचं, एक नट बघायचा. पाच मिनिटांचं काम. मी तीनदा तुमच्या ड्राइव्हवेपर्यंत आलो आणि तीनदा परत गेलो. एकदा वहिनींनी खिडकीतून बघितलं. मी हात हलवला आणि घाईत असल्यासारखं दाखवलं. अण्णा, बघितलं नाही तोवर दोन्ही शक्य होतं. बघितल्यावर एकच उरणार होतं.

आणि या सगळ्यात मला काय आठवत होतं? तर गाडीच. तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजारांच्या पुढे गेली की तिचा आवाज बदलतो ते. खालच्या आवाजात कुरकुरत असते, आणि एकदम गळा मोकळा होतो. तुम्ही दरवेळी तिथे रेडिओ नसतानासुद्धा रेडिओ बंद केल्यासारखा हात पुढे करायचात. तेलाच्या काट्यावर एक बोट टेकवून ठेवायचात, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसं. लाकडी स्टिअरिंग उन्हात गरम झालं की त्याचा वास यायचा, जुन्या कपाटासारखा. मला म्हणायचात, "हिचं बॉनेट उघडून बघ. बनवणाऱ्यानं इंजिनाचा जो भाग कुणाला दिसणार न्हाई तोबी देखणा केलाय. का केलाय सांग?" मी म्हणायचो, वेळ जात नसेल त्याचा. "न्हाई रे. त्याला माहीत होतं, एक दिवस कोल्हापूरचा येडा वाकून बघणार हाय."

आपलं भांडण मिटलंच नाही. मी जर्मनवाला. मला ती करड्या रंगाची जुनी दोन दारांची कूपे हवी होती, सहा सिलिंडरची, मोठ्या काचांची, जी आपण रविवारच्या डायनरच्या पार्किंगमध्ये बघायचो. मी म्हणायचो, जर्मन गाडी सांगितलेलं करते. तुम्ही म्हणायचात, "जर्मन गाडी म्हंजे सासरा. चुकत न्हाई आणि मायाबी करत न्हाई." मी म्हणायचो, आणि इटालियन म्हणजे लग्नातला मामेभाऊ, नटून येतो आणि वाढायच्या वेळेला गायब. तुम्ही खोकला लागेपर्यंत हसलात. मग त्याच पार्किंगमध्ये टोपीवाल्या एका म्हाताऱ्यानं तुम्हाला विचारलं होतं, ही तुमच्या मालकाची गाडी का? मी तापलो. तुम्ही शांतपणे म्हणालात, नो सर, आय ॲम हर्स, म्हणजे मीच तिचा. म्हातारा हसला, आणि मग अर्धा तास दोघं कार्ब्युरेटरवर बोलत बसलात. मी बाजूला उभा, अजून तापलेला. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "सगळ्याच नटांना पाना लावायचा न्हाई, मिलिंदा. काही मोडत्यात." मी उत्तर देणार होतो. माझ्याकडे चांगलं उत्तर होतं. तेही राहिलं.

गेल्या गुरुवारी वहिनींचा फोन आला. "मिलिंदभाऊजी, नेहा गाडी मागते. लायसन्स आलंय तिचं. म्हणते डॅडची गाडी एकदा चालवायची. तुम्ही एकदा बघून द्या. तुम्ही बघितलं की मला काळजी नाही."

तुम्ही बघितलं की मला काळजी नाही. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा राहिलो. तोवर भीती माझ्या एकट्याची होती. आता त्या गाडीत सतरा वर्षांची पोर बसणार होती.

काल सकाळी आलो. नेहा गॅरेजच्या दारात बूट घालून तयार. म्हणाली, "कॅन आय हेल्प?" मी म्हटलं, थांब जरा, आधी मला एकट्याला बघू दे. गाडी वर घेतली. पुठ्ठा अंथरला. खाली गेलो आणि भित्र्या माणसासारखा मागून सुरुवात केली. मागचं उजवं, लाल रेघ. मागचं डावं, लाल रेघ. पुढचं उजवं, लाल रेघ. मग टॉर्च बंद केला आणि काही वेळ तसाच पडून राहिलो. वर इंजिनाचा पोटाकडचा भाग होता, तोही देखणा.

टॉर्च लावला.

चौथ्या नटावर रेघ होती. निळी. चमचम करणारी निळी, या पोरी लावतात तशी.

मी हात लावला. घट्ट होता. पाना लावला. हलेना. मग टॉर्च चाकाच्या आतल्या कडेवर फिरवला, आणि तिथे क्वार्टरच्या नाण्याएवढा रंग सुरकुतून सोललेला दिसला. ब्रेकचं तेल रंग खातं, हेही तुम्हीच शिकवलेलं. म्हणजे तेल गळलं होतं. म्हणजे नट ढिला होता. मी विसरलो होतो, अण्णा. नुसती खूण नाही, पाना लावायलाच विसरलो होतो.

मी खालूनच विचारलं, "नेहा, तुझी निळी नेलपॉलिश कोणी नेली होती का?"

"डॅड. लाइक, मंडे? आय वॉज सो मॅड. ही गॉट ग्रीस ऑन इट." मग जरा थांबून, "ही सेड डोन्ट टेल मिलिंद काका. व्हाय?"

मला लगेच बाहेर येता आलं नाही.

सोमवारी तुम्हाला जमिनीवर थेंब दिसला असणार. तुम्ही मला फोन करू शकला असतात. "काय रे, भाषण करतोस आणि नट विसरतोस!" एवढंच म्हणायचं होतं, वर्षभर पुरलं असतं. तुम्ही फोन केला नाहीत. ती कंबर घेऊन, एकट्यानं, गाडी परत वर घेऊन तुम्ही खाली सरपटलात. नट आवळलात. गेलेलं तेल भरलंत, हवा काढलीत. दाबा म्हणायला खाली कोणी नसताना ती एकट्यानं कशी काढलीत, देव जाणे, आणि मी देव मानत नाही. आणि शेवटी खूण केलीत ती ठिपक्याची नाही. रेघेची. माझी. ठिपका दिला असतात तर ते तुमचं काम झालं असतं, आणि माझं राहिलेलं.

मग बुधवारी तुम्ही निघालात ते घट्ट ब्रेकवर. छातीत कळ आली, गाडी कडेला घेतलीत, थांबवलीत, हातब्रेक ओढलात, जसा तुम्ही आयुष्यभर ओढलात, सपाट जमिनीवरसुद्धा. मला आता हे ठाऊक आहे. तरी मी सुटलो असं वाटत नाही. सोमवारी तो थेंब तुम्हाला दिसला नसता तर? तुम्ही दिलेला शब्द जसाच्या तसा पाळला असता तर? करार माझा होता. माझ्या अभिमानासाठी तुम्ही तो केलात आणि माझ्या जिवाला घोर नको म्हणून तुम्हीच मोडलात, आणि मोडल्याचंही मला कळू दिलं नाहीत. आणि गाडीखाली सरपटण्याचा त्रास दोन दिवसांनी तुमच्या छातीत निघाला का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारणार नाही. माझ्यात तेवढी हिंमत नाही.

मी बाहेर आलो. नेहाला सगळं सांगितलं. मी विसरलो होतो, तुझ्या बाबांनी दुरुस्त केलं. मराठीतच सांगितलं, इंग्रजीत मला ते जमलं नसतं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सो, इज इट सेफ?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "सगळं परत करू. चारही. तू वर बस."

ती तुमच्या सीटवर बसली. सीट पुढे ओढावी लागली तिला. मी पुठ्ठ्यावर आडवा झालो, मागच्या उजव्या चाकाशी गेलो, आणि "प्रेस" म्हणायला तोंड उघडलं. तोंडातून सवयीचंच आलं.

"दाब."

वरून आवाज आला, "दाबलं."

अण्णा, ती पोर मराठीत जेवायलासुद्धा मागत नाही.

"धर."

"धरलंय."

"सोड."

"सोडलं."

इतकी वर्षं दाराआडून तिनं ऐकलेलं होतं. चारही चाकं झाली. दीड तास लागला. चार लाल रेघा नव्यानं काढल्या, वहिनींच्या बाटलीनं, जी मी खिशात घेऊन फिरत होतो. निळी मात्र पुसली नाही, तिच्या शेजारी काढली. मग मी पाना नेहाच्या हातात दिला आणि म्हटलं, आता तू खाली जा आणि मी आवळलेला एकेक नट तपास.

"बट यू जस्ट डिड देम."

"म्हणूनच."

ती खाली गेली. मी तुमच्या गॅरेजात उभा होतो. माझं काम कोणीतरी परत बघत होतं, आणि माझे कान तिच्या पान्याकडे लागले होते. तिचे बूट एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे सरकत होते. चौथ्याशी ती जरा जास्त वेळ थांबली.

"ऑल फोर आर टाइट, काका," ती म्हणाली.

मी म्हटलं, "परत बघ."